तोटा भरून काढण्याची ओढ आणि तिला घातलेले लगाम

निफाड-लासलगावकडे उन्हाळ कांदा चाळीत भरला जातो, तेव्हा शेतकऱ्याच्या डोक्यात एक आकडा पक्का असतो. भाव त्याखाली गेला की चाळ उघडायला हात धजत नाही. वजन घटतं, तळाशी सड लागते, तरी ‘अजून पंधरा दिवस बघू’ म्हणत दिवस जातात. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी संपवून मोबाइलवर ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर किंवा निर्देशांक घेण्या-विकण्याचा मुदतीचा हक्क) घेणाऱ्या तरुणाचं मनही असंच अडतं. मात्र शेतकऱ्याच्या हाती माल असतो. ऑप्शनची किंमत मुदतीबरोबर झिजते आणि एक्सपायरीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या, दिवशी साडेतीनला शून्यावरही येते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की माणूस नफा-तोटा आपल्या मनातल्या एका आकड्यापासून मोजतो आणि तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा त्याला जास्त बोचतो. १९८५ मध्ये शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी यातून निघणारी सवय दाखवली: वाढलेले शेअर घाईने विकायचे, पडलेले कवटाळून बसायचे. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९९० मधलं थेलर आणि जॉन्सन यांचं काम. एरवी हरलेला माणूस जपून वागतो, पण ‘यात मुद्दल निघेल’ अशी पैज समोर आली की तीच त्याला हवीशी वाटते. खातं बुडतं ते बहुधा पहिल्या तोट्याने नाही, त्यानंतर दुप्पट लॉट (सौद्यातला ठरलेल्या नगांचा गठ्ठा) घेऊन केलेल्या ‘रिकव्हरी’ने.

गणितही निर्दय आहे. १० टक्के गेले तर ११ टक्के कमवून भागतं. ५० टक्के गेले तर उरलेल्या रकमेवर १०० टक्के कमवावे लागतात.

यावरची शिस्त बाजारातच घडली. अमेरिकेत रिचर्ड डेनिस या ट्रेडरने १९८३ मध्ये नवख्यांना शिकवायला घेतलं. त्या ‘टर्टल’ शिष्यांना एका सौद्यात साधारण दोन टक्क्यांहून जास्त भांडवल पणाला लावायची मुभा नव्हती आणि खातं १० टक्क्यांनी घटलं की सौद्यांचा आकार २० टक्क्यांनी कमी करावा लागे. मन ‘वाढव’ म्हणतं नेमकं तेव्हाच नियम ‘कमी कर’ सांगायचा.

आपल्याकडे निर्देशांकाचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरलेल्या भावाने करणारे करार) २००० मध्ये आणि ऑप्शन्स २००१ मध्ये आले. साप्ताहिक एक्सपायरी २०१६ पासून. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. सलग दोन वर्षं तोटा होऊनही त्यातले पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त जण थांबले नाहीत. हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने निर्देशांकाचा एक कॉन्ट्रॅक्ट किमान १५ लाखांचा केला. निफ्टीचा लॉट तेव्हा २५ वरून ७५ झाला. दोन लाखांच्या खात्याचे दोन टक्के म्हणजे चार हजार रुपये. जुन्या लॉटमध्ये ते संपायला प्रीमियम (ऑप्शनची एका नगाची किंमत) १६० रुपयांनी पडावा लागे, नव्या लॉटमध्ये ५३ रुपये पुरले.