रिपोर्टमधला 'ग्रेड ३'

मुंबईत 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की आजाराचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली सुरू झालं, आणि आता त्या नावातच आजार ओळखू येतो. पण कॅन्सरच्या कागदांवरचे शब्द मात्र घराघरात अजूनही परके आहेत.

माझ्या मामीच्या स्तनातली गाठ ऑपरेशन करून काढली. रिपोर्ट घेऊन मामेभाऊ डोंबिवलीच्या लोकलमध्ये चढला आणि गाडीतच त्याने लिफाफा फोडला. घाटकोपरच्या आसपास मला फोन आला. "दादा, थर्ड स्टेज आहे रे." मी रिपोर्टचा फोटो मागवला. त्यात लिहिलं होतं 'ग्रेड ३'. स्टेज वेगळी, ग्रेड वेगळी, हे मी त्याला सांगेपर्यंत त्याने घरी फोन करून टाकला होता. त्या रात्री तिकडे चूल पेटली नाही.

ग्रेड म्हणजे पेशींचं रूप. काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवतात, त्याचे काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढतात आणि ते रंगवतात. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं, बाकीचा भाग गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून बघतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते तीन गोष्टी तपासतात: दुधाच्या नलिकांसारखी रचना कितपत उरली आहे, केंद्रकं किती बिघडली आहेत आणि किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत सापडतात. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ८ किंवा ९ झाली की ग्रेड ३. म्हणजे पेशी मूळ रूपापासून फार दूर गेल्या आहेत आणि भराभर वाढताहेत. पण भराभर विभागणाऱ्या पेशींवर केमोथेरपीचा परिणामही अनेकदा चांगला होतो, हे त्या रात्री कुणीतरी मामीला सांगायला हवं होतं.

स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला. त्यासाठी टी, एन, एम ही अक्षरं. टी गाठीचा आकार सांगतो, एन जवळच्या लसिका ग्रंथी (काखेतल्या 'गाठी') आणि एम दूरचे अवयव. मामीच्या रिपोर्टमध्ये 'टी२, एन०' होतं: गाठ २ सेंटिमीटरहून मोठी पण ५ च्या आत, ग्रंथी स्वच्छ. स्कॅनमध्येही दूर कुठे काही नव्हतं. म्हणजे दुसरी स्टेज. मामेभावाच्या हातातल्या कागदावर हेही होतं, त्याची नजर फक्त ३ वर अडकली.

याहून जास्त फसवणारा शब्द 'निगेटिव्ह'. आपल्याला सवय अशी की निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो. 'मार्जिन निगेटिव्ह' हे खरंच चांगलं: कापलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. पण 'ईआर निगेटिव्ह' म्हणजे त्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन या हार्मोनचं ग्राहक प्रथिन (ज्याला ते हार्मोन चिकटतं) नाही, म्हणून टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होणार नाही. उलट 'हर-टू पॉझिटिव्ह' (हर-टू हे पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) ऐकून घाबरायला होतं, पण त्याच हर-टूवर नेम धरणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ सालापासून वापरात आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईंना 'ट्रिपल निगेटिव्ह' सांगितलं, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्यांनी त्याचा अर्थ तीनदा सुटका असा लावला होता. खरा अर्थ ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं ग्राहक प्रथिन) आणि हर-टू, तिन्ही नाहीत, म्हणून या तिन्हींवर नेम धरणारी औषधंही इथे चालत नाहीत. वाईट वाटतं, कारण हा फरक सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

'पाच वर्षांचा सर्व्हायव्हल दर' हाही असाच. त्याचा अर्थ पाचच वर्षं उरली असा नाही. निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले किती जण हयात होते, एवढाच तो आकडा. आणि हाडात पसरलेला स्तनाचा कॅन्सर हा स्तनाचाच कॅन्सर राहतो, औषधंही त्याचीच चालतात.

मामीचे सहा केमो झाले. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी रिपोर्टबरोबर मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागितल्या. तपासायचं ते ऊतक, म्हणजे गाठीचा प्रत्यक्ष तुकडा, कागद नव्हे. लॅबकडून ते मागून घेता येतात. मेण उन्हाने मऊ होतं, म्हणून मामेभावाने ब्लॉकची डबी कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली आहे.