एसटीएस-९३

अमेरिकेच्या कोलंबिया या शटलची (पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानाची) जुलै १९९९ मधील मोहीम. शटलचे नेतृत्व पहिल्यांदाच एका स्त्रीकडे, आयलीन कॉलिन्स यांच्याकडे आले, म्हणून ती प्रसिद्ध आहे. जाणकार मात्र ती आठवतात उड्डाणाच्या पहिल्या साडेआठ मिनिटांसाठी.

शटलमधली पदनामे जरा फसवी आहेत. यान धावपट्टीवर उतरवतो तो डाव्या आसनावरचा कमांडर. उजवीकडचा ‘पायलट’ प्रत्यक्षात सहवैमानिक असतो. या दोन्ही आसनांसाठी जेट विमानाचा मुख्य वैमानिक म्हणून किमान १,००० तासांचा अनुभव लागे. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकी स्त्री, सॅली राइड, १९८३ मध्ये गेल्या त्या मोहीम-तज्ज्ञ म्हणून, या दोन आसनांवर नव्हे. शटलच्या १३५ उड्डाणांत पायलट झालेल्या स्त्रिया तीनच: कॉलिन्स, सुसान किलरेन आणि पामेला मेलरॉय. त्यांपैकी किलरेन वगळता दोघी पुढे कमांडर झाल्या. कॉलिन्स यांनी त्याआधी १९९५ आणि १९९७ मध्ये उजव्या आसनावरून उड्डाण केले होते.

या वेळचे ओझे होते चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण (नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून) आणि तिला वर ढकलणारे दोन टप्प्यांचे घन-इंधन रॉकेट. दोन्ही मिळून सुमारे २२.७ टन, एवढे वजन शटलने आधी किंवा नंतर कधीच नेले नाही. २० जुलैचा पहिला प्रयत्न अखेरच्या काही सेकंदांत थांबला: यानाच्या मागच्या भागात हायड्रोजन साचल्याचे वाचन आले, ते चुकीचे निघाले. दुसरा प्रयत्न विजांमुळे हुकला. २३ जुलैला मध्यरात्रीनंतर ३१ मिनिटांनी यान उडाले.

पाचव्या सेकंदाला ‘फ्युएल सेल पीएच’चा, म्हणजे यानाला वीज पुरवणाऱ्या सेलमध्ये बिघाड असल्याचा, इशारा आला. फ्युएल सेल ठीकच होता. एका विद्युतवाहिनीवर शॉर्ट सर्किट होऊन व्होल्टेज क्षणभर कोसळले होते. त्यात मधल्या एंजिनाचा प्राथमिक नियंत्रक (एंजिन चालवणारा संगणक) आणि उजव्या एंजिनाचा राखीव नियंत्रक बंद पडला. प्रत्येक एंजिनाला दोन नियंत्रक असतात. दोन्ही गेले तर एंजिन बंद होते. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाने लगेच एसी बसचे (या विद्युतवाहिन्यांचे) सेन्सर बंद करायला सांगितले, म्हणजे सेन्सरच्या चुकीने आणखी एखादी वाहिनी तुटू नये. मूळ कारण नंतर सापडले: मालकक्षातल्या एका तारेचे आवरण स्क्रूच्या खरबरीत डोक्यावर घासून फाटले होते.

दुसरा बिघाड याच्याशी असंबद्ध, पण नेमका उजव्याच एंजिनात. इंजेक्टरमधली (ज्वलनकक्षात इंधन आणि ऑक्सिजन सोडणाऱ्या भागातली) ऑक्सिजनची एक नळी बुजवायला ठोकलेली, सोन्याचा मुलामा दिलेली जेमतेम इंचभर पिन एंजिन पेटताना उडाली आणि नोझलच्या (तप्त वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाच्या) आतल्या भिंतीवर आदळली. ही भिंत म्हणजे बारीक नळ्यांची रांग. त्यांतून वाहणारा हायड्रोजन नोझल थंड ठेवतो. तीन नळ्या फुटल्या. गळतीने ज्वलनकक्षाचा दाब घटू लागला, तेव्हा नियंत्रकाने तो राखण्यासाठी ऑक्सिजन वाढवला. नियंत्रकाने आपले काम चोख केले, पण परिणाम असा की संपायला आला तो ऑक्सिजन, गळणारा हायड्रोजन नव्हे. तळाच्या सेन्सरांनी ते ओळखून एंजिने क्षणभर आधी बंद केली. वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर कमी पडला. यानाच्या छोट्या एंजिनांनी तो भरून काढला.

एखादे एंजिन आधीच बंद पडले असते, तर त्या क्षणानुसार प्रक्षेपणस्थळी परतण्याची वेळ येऊ शकली असती. त्यात यान उलटे फिरवून, एंजिने पुढच्या दिशेने धरून वेग मारायचा असतो. ही कसरत प्रत्यक्षात कुणीच कधी केली नाही, आणि एवढ्या जड यानाने तर ती करून पाहण्याची कुणाचीही इच्छा नव्हती.

बाकी मोहीम सरळ गेली. सुमारे सात तासांनी कॅथरीन कोलमन यांनी चंद्रा मोकळी सोडली आणि २७ जुलैला रात्री कॉलिन्स यांनी कोलंबिया केनेडी केंद्रावर उतरवली. त्यानंतर साऱ्या शटलांच्या तारा तपासण्यात आल्या. पुढचे उड्डाण डिसेंबरात झाले.

कोलंबिया दुरुस्तीनंतर मार्च २००२ मध्ये उडाली आणि मग जानेवारी २००३ मध्ये, कल्पना चावला आणि सहा सहकाऱ्यांना घेऊन. परतताना ती नष्ट झाली. त्यानंतरचे पहिले उड्डाण, जुलै २००५ मधले डिस्कव्हरीचे, कॉलिन्स यांच्याकडेच होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाजवळ पोचल्यावर त्यांनी यानाला सावकाश पूर्ण कोलांटी मारायला लावली, म्हणजे स्थानकावरच्या अंतराळवीरांना पोटाकडच्या उष्णतारोधक फरश्यांचे फोटो काढता यावेत.