वर्तुळाची क्षेत्रफळवाढ आणि त्रिज्या

वर्तुळाचे क्षेत्रफळ वाढले की त्याची त्रिज्याही वाढते, पण तितक्याच पटीने नाही. क्षेत्रफळ जितके पट होईल, त्या पटीच्या वर्गमुळाइतके पट त्रिज्या होते. क्षेत्रफळ चौपट झाले तर त्रिज्या दुप्पट, नऊपट झाले तर तिप्पट. क्षेत्रफळ नुसते दुप्पट झाले तर त्रिज्या सुमारे १.४१४ पट होते.

हे 'पाय × त्रिज्येचा वर्ग' या सूत्रातून लगेच निघते. गंमत अशी की पट काढताना 'पाय' उडून जातो, त्याची किंमत ठाऊक असण्याचीही गरज नाही. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या भूमितीच्या ग्रंथातील बाराव्या खंडाचे दुसरे प्रमेय हेच सांगते: वर्तुळांची क्षेत्रफळे त्यांच्या व्यासांवरील चौरसांच्या प्रमाणात असतात.

असे का होते, हे मात्र सूत्रापेक्षा आकृतीत जास्त चांगले दिसते. वाढीव क्षेत्रफळ वर्तुळाच्या एका बाजूला चिकटत नाही. ते संपूर्ण परिघाभोवती कड्यासारखे पसरावे लागते. वर्तुळ जितके मोठे, तितका परीघ लांब, आणि तेवढ्याच क्षेत्रफळाचे कडे तितके अरुंद. १०० चौ. सेंमी. क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.६४ सेंमी. असते. त्यात आणखी १०० चौ. सेंमी. घातले की त्रिज्या २.३४ सेंमी.ने वाढते, पुढच्या शंभरांनी १.७९ सेंमी.ने, त्यापुढच्या शंभरांनी जेमतेम १.५१ सेंमी.ने. कडे अगदी बारीक असेल, तर त्याची रुंदी म्हणजे वाढीव क्षेत्रफळ भागिले परीघ. वाढीव क्षेत्रफळाच्या दर एककामागे ही रुंदी किती, यालाच कलनशास्त्रात त्रिज्येच्या वाढीचा दर म्हणतात.

दुप्पट क्षेत्रफळाचे वर्तुळ काढायला आकडेमोडही लागत नाही. दिलेल्या वर्तुळाला चारही बाजूंनी स्पर्श करणारा चौरस काढावा आणि त्या चौरसाच्या चार कोपऱ्यांतून जाणारे वर्तुळ काढावे. नव्या वर्तुळाची त्रिज्या चौरसाच्या कर्णाच्या निम्मी, म्हणजे मूळ त्रिज्येच्या २ च्या वर्गमुळाइतकी पट भरते.

शेकडेवारीत सर्वांत जास्त गल्लत होते. क्षेत्रफळ २१ टक्के वाढले तर त्रिज्या १० टक्के वाढते. वाढ अगदी लहान असेल तेव्हा 'क्षेत्रफळाच्या निम्मे टक्के' हा अंदाज चालतो: १ टक्क्याला जवळजवळ अर्धा टक्का. वाढ मोठी झाली की तो फसतो. क्षेत्रफळ १०० टक्के वाढले, तर त्रिज्या ५० नव्हे, सुमारे ४१.४ टक्के वाढते.

कॅमेऱ्याच्या भिंगावरील १.४, २, २.८, ४, ५.६, ८ हे आकडे वरवर विचित्र वाटतात, पण त्यांच्यामागे हाच नियम आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला, प्रकाश आत सोडणाऱ्या गोल छिद्राच्या व्यासाने भागून हा आकडा मिळतो. ८ वरून ५.६ वर, मग ४ वर असे उलटे येत गेले की दर टप्प्याला छिद्राचे क्षेत्रफळ, आणि म्हणून आत येणारा प्रकाश, दुप्पट होतो. व्यास मात्र दर वेळी १.४ पटच होतो.