जुन्या क्रीडामोटारीचा घरगुती जीर्णोद्धार, पुणे

जुन्या क्रीडामोटारीचा घरगुती जीर्णोद्धार : दोन आसनांची, बहुधा उघड्या टपाची जुनी वेगवान मोटारगाडी मालकाने घरच्या गॅरेजात, बंगल्याच्या पोर्चमध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः खोलून दुरुस्त करणे आणि पुढे ती चालती ठेवणे. ‘घरगुती’ हे विशेषण सैल अर्थाने घ्यावे लागते. खोलणे, धुणे, मोजणे आणि जुळवणे घरी होते. बोअरिंग, क्रँक घासणे, पत्राकाम आणि रंग बाहेर दिले जातात. हौशी मालक या कामाला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात, तर मिस्त्री नुसते ‘गाडी बनवणे’ म्हणतात.

संज्ञा : जीर्णोद्धार हा शब्द देवळांच्या संदर्भातून आलेला आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धारविधीत भग्न मूर्ती काढून नवी बसवण्यास मान्यता आहे. मात्र जुनी ज्या द्रव्याची आणि ज्या मापाची होती, नवीही तशीच असावी अशी अट आहे. मोटारीच्या बाबतीत हीच अट वादाच्या केंद्रस्थानी आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिवा, स्थापना १९६६) २०१२ मध्ये मंजूर केलेली तुरीन सनद ही वास्तुवारशाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवर बेतलेली आहे. तिच्यात जतन, संवर्धन आणि जीर्णोद्धार अशा पायऱ्या मानल्या असून शक्य तितका मूळ भाग राखण्यावर भर आहे. याउलट, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी दिसली पाहिजे असे मानणारा पक्षही जुना आहे, आणि प्रदर्शनांतील चकचकीत रंगामुळे तो अधिक डोळ्यांत भरतो. पहिला पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मूळ रंगाचा थर, आसनांचे सुरकुतलेले कातडे, डॅशबोर्डवर एखाद्या जुन्या मालकाने बसवलेले बटण ही गाडीच्या इतिहासाची साधनेच असतात आणि एकदा घासून काढली की परत मिळत नाहीत.

‘व्हिंटेज’ हा शब्द मराठीत कोणत्याही जुन्या गाडीला लावतात. इंग्लंडमधील परिपाठात तो १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांपुरता आहे. फिवाच्या व्याख्येत किमान ३० वर्षांचे वाहन ‘ऐतिहासिक’ ठरते, तर भारतीय नियमांत व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुने वाहन (पुढे पहा).

पार्श्वभूमी : या छंदाचा उगम कधी लष्करी छावणीतील अधिकाऱ्यांच्या गाड्यांशी जोडला जातो, तर कधी कारखानदारीशी. पुणे छावणी १८१७ मधली. बदली झालेल्या अधिकाऱ्यांनी गाड्या इथेच विकून जाणे स्वाभाविक होते. पण गाडी असणे आणि ती घरी बनवता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी लेथ, बोअरिंगचे यंत्र आणि मायक्रोमीटर हाताळणारी माणसे लागतात. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि त्या दशकात टेल्को (आताची टाटा मोटर्स) व बजाज यांच्या कारखान्यांमुळे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरीत सुट्या भागांच्या लहान कार्यशाळांचे जाळे पसरले. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. त्यामुळे छावणीने गाड्या दिल्या असतील, परंतु आजच्या स्वरूपातील घरगुती जीर्णोद्धार हा १९६० नंतरच्या पुण्याचा मानणे सयुक्तिक ठरते. कारखान्यात फिटर किंवा टूलरूममध्ये असलेला माणूस निवृत्तीनंतर शेजाऱ्याच्या इंजिनाचे बेअरिंग घासून देतो, हे पुण्यात अप्रुपाचे नाही.

गाड्या व त्यांचे भाग : स्वातंत्र्योत्तर आयात-निर्बंधांमुळे भारतात परदेशी क्रीडामोटारी थोड्याच आल्या. ज्या आल्या त्यांत ब्रिटिश बनावटीच्या एमजी आणि ट्रायम्फ यांचे नाव प्रथम घेतले जाते. त्या टिकल्या याचे एक कारण म्हणजे त्यांचे भारतात बनलेले सख्खे नातेवाईक. १९६१ पासून मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही मूळची ट्रायम्फ हेराल्ड होय. ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२–८०) हेराल्डच्याच आखूड केलेल्या साट्यावर (चासिसवर) उभी असल्याने पुढची सस्पेन्शन आणि इंजिनाचे कूळ दोन्हींत समान आहे. तसेच एमजीए या गाडीतील १,४८९ घ.सेंमी. इंजिन आणि अँबॅसडरमधील जुने १,४८९ घ.सेंमी. इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन (बीएमसी) या कंपनीच्या एकाच ‘बी’ मालिकेतले. अँबॅसडरमध्ये ते एका कार्बोरेटरवर शांतपणे चालते, एमजीएमध्ये दोन कार्बोरेटरांवर ६८ अश्वशक्तीच्या पुढे जाते. नाना पेठेतील जुन्या दुकानात अँबॅसडरचा पिस्टन किंवा हेड पॅकिंग मागणारा गिऱ्हाईक टॅक्सीवालाच असेल असे नाही.

या नात्याचा तोटाही झाला. कित्येक एमजींमध्ये मूळ इंजिन काढून अँबॅसडरचे बसवले गेले. अशी गाडी मूळ स्थितीत आणायची की चाळीस-पन्नास वर्षे तिने अशाच रूपात काढली म्हणून तशीच ठेवायची, हा प्रश्न तुरीन सनदेनेही पूर्ण सुटत नाही. मूळ इंजिन उपलब्ध असेल तर ते बसवावे. नसेल तर परदेशातून दुसऱ्या गाडीचे इंजिन आणून त्यावर खोटा क्रमांक ठोकण्यापेक्षा अँबॅसडरचे प्रामाणिक इंजिन बरे.

आट्यांचा प्रश्न : एमजी टीसी (१९४५–४९) व तिच्या भावंडांतील १,२५० घ.सेंमी. एक्सपीएजी इंजिनाने घरी काम करणाऱ्यांना जितके छळले तितके दुसऱ्या कशाने नाही. इंग्लंडमध्ये बनलेल्या या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाची. म्हणजे पाना इंचांचा आणि टॅप मिलिमीटरचा. याचे कारण साधारणपणे असे दिले जाते, की मॉरिसच्या इंजिन विभागाचा कॉव्हेन्ट्रीतील कारखाना मूळ हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो इंग्लंडमध्ये उभा राहिला, १९२३ मध्ये विल्यम मॉरिस यांनी विकत घेतला, आणि फ्रेंच यंत्रसामग्री तशीच चालू राहिली. गिऱ्हाइकाकडे व्हिटवर्थचेच पाने असणार म्हणून डोकी त्या मापाची ठेवली. बोल्टांच्या मापांवरून पाहता हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे.

व्यवहारात महत्त्वाचे ते पुढे आहे. या इंजिनातील ८ मिमी. बोल्टाचे आटे १ मिमी. अंतराचे असतात, तर रविवार पेठेतील बोहरी आळीत मिळणारा नेहमीचा ८ मिमी. बोल्ट १.२५ मिमी. अंतराचा. तो हाताने दोन-तीन फेरे आत जातो, मग अडतो. अडल्यावर पाना लावून रेटला की ब्लॉकमधले आटे जातात. म्हणून खोलतानाच प्रत्येक बोल्ट कोणत्या भोकातला ते चिठ्ठी बांधून किंवा पुठ्ठ्यावर इंजिनाची आकृती काढून त्यात टोचून ठेवतात. आटे गेलेच तर भोक मोठे करून आत तारेचे वेटोळे (हेलिकॉइल) बसवतात. हरवलेला बोल्ट लेथवर करून घ्यावा. भोसरीत नमुना दाखवला की असे किरकोळ काम घेणारे आढळतात, मात्र पोलादाची प्रत सांगावी लागते. साध्या सळईचा बोल्ट कनेक्टिंग रॉडला चालत नाही.

कार्बोरेटर, उंची आणि इंधन : पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर आहे. येथील हवेची घनता मुंबईपेक्षा साधारण ५ ते ६ टक्क्यांनी कमी असते. कार्बोरेटरमधील मिश्रणाचे प्रमाण घनतेच्या वर्गमुळाने बदलत असल्याने मुंबईत जुळवलेली गाडी बोरघाट चढून आल्यावर सुमारे ३ टक्के ‘रिच’ (मिश्रणात पेट्रोल जास्त) चालते. प्लग काळे पडतात, निष्क्रिय गतीला इंजिन लंगडते. जुन्या मिस्त्र्यांचा ‘पुण्याला जेट वर घ्यायचा’ हा नियम यातूनच आलेला असावा; जेट म्हणजे पेट्रोल येते ती नळी, ती वर घेतली की पेट्रोल कमी येते.

हा नियम आता जसाच्या तसा लागू पडत नाही. पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनाला वजनी १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे जुन्या जुळवणीवर गाडी सुमारे ८ टक्के ‘लीन’ (पेट्रोल कमी) चालणार. उंचीमुळे त्यातले ३ टक्के भरून निघतात, उरलेल्या सुमारे ५ टक्क्यांसाठी जेट वर नव्हे तर खालीच घ्यावा लागतो. या ब्रिटिश गाड्यांतील एसयू बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये तळाचा षटकोनी नट एकेका पैलूने फिरवून हे साधते. कसोटी सोपी आहे : इंजिन गरम असताना कार्बोरेटरचा पिस्टन सुमारे ०.८ मिमी. उचलावा. फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण रिच, इंजिन बसू लागले तर लीन, क्षणभर वाढून पूर्ववत झाले तर ठीक. दोन कार्बोरेटर असल्यास आधी दोन्हींतून सारखी हवा जाते का ते पाहावे. रबरी नळीचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे कानाशी धरून फुसफुस ऐकण्याची जुनी रीत यंत्राइतकीच भरवशाची आहे.

इथेनॉलमुळे नैसर्गिक रबर, बूच आणि जुन्या नळ्या सुजतात किंवा ठिसूळ होतात. पाणी शोषून घेतल्याने टाकीत गंज धरतो. फ्लोरोकार्बन रबराचे अस्तर असलेली एसएई जे३० आर९ प्रतीची नळी बसवणे हे कोणत्याही रंगकामाच्या आधी करण्याचे काम आहे, कारण गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकले की गाडी जळते. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झाले. शिशाचा थर झडपांच्या बैठकींचे रक्षण करी. बिडाच्या हेडमध्ये कठीण पोलादाच्या बैठकी एकदा बसवून घेतल्या की हा प्रश्न मिटतो.

विद्युत्‌प्रणाली : १९६७ पर्यंतच्या एमजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक साट्याला जोडलेले असते. सवयीने ऋण टोक जोडल्यास अँमीटर उलटा दाखवतो आणि डायनॅमो पुन्हा भारून घ्यावा लागतो; नंतर बसवलेले इलेक्ट्रॉनिक इग्निशन मात्र जळू शकते. दिवे मंद लागणे, सेल्फ न उचलणे याचे मूळ बहुतेक वेळा अर्थिंगच्या (साट्याला जाणाऱ्या) गंजलेल्या जोडणीत असते.

लाकूड, पत्रा, चाके : टीसीच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो. ते लाकूड येथे होत नसल्याने सागवान वापरतात. ते वाळवीला दाद देत नाही. वजन मात्र थोडे बदलते. जुना तुकडा सडलेला असला तरी नमुना म्हणून जपून ठेवावा, कारण दाराची फट त्यावरूनच जुळते. पत्राकामात गंजलेला भाग कापून नवा तुकडा जोडणे हेच खरे काम. जाड लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेली गाडी दोन पावसाळ्यांत फुगते. तारांच्या चाकांचा आउट (डगमग) जुना सायकल-मोटारसायकलवाला कारागीर काढून देतो. चाकाच्या मध्यभागच्या खाचा झिजलेल्या असतील तर तारा नव्या करून उपयोग नसतो.

आसने, टप, क्रोम यांची कामे कॅम्प आणि पेठांत नेहमीसारखी होतात. किरकोळ दिवे, मीटर, हॉर्न यांसाठी बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार अजूनही पाहिला जातो.

देखभाल : जीर्णोद्धार संपतो, देखभाल संपत नाही, आणि गाड्या मरतात त्या बहुधा देखभाल चुकल्यानेच. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. पावसाळ्यात प्लास्टिकचे आच्छादन घातल्यास आत घाम धरतो. सुती आच्छादन आणि हवा खेळती जागा बरी. ब्रेक ऑइल ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. नाहीतर चाकातील सिलिंडर आतून गंजतो आणि एखाद्या सकाळी पेडल थेट फरशीला टेकते. महिन्यातून एकदा नुसते सुरू करून बंद करण्याने इंजिनात पाणी साठते. तासभर चालवून तेल पूर्ण तापू द्यावे. एप्रिल-मे महिन्यांत वाहतुकीत अडकल्यावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, तेव्हा पंपावर ओले फडके टाकण्याचा घाटातला उपाय अजून चालतो. गाडीखाली शिरताना घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये.

कायदा : खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. त्यांनुसार ५० वर्षांहून जुन्या, साटा, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज सकाळी टिळक रस्त्याला चक्कर मारणाऱ्याला ही नोंदणी सोयीची नाही, तो नेहमीचीच नोंदणी चालू ठेवतो. अँबॅसडरचे इंजिन बसलेल्या एमजीएच्या बाबतीत फेरफाराची अट कशी लावायची हे नोंदणी अधिकाऱ्याच्या पाहणीवर अवलंबून राहते; त्यामुळे इंजिन कधी बदलले याची जुनी कागदपत्रे, पावत्या आणि आरसी पुस्तकातील नोंदी मालकाने गाडीच्या भागांइतक्याच काळजीने ठेवाव्यात.