ग्रेडियंटच्या मधोमध मळकट रंग का येतो?

सूर्यास्ताचं आकाश काढायला खाली नारिंगी आणि वर गडद निळा असा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा रंग दिला, की मधे हमखास एक मातकट तपकिरी पट्टा उमटतो. असा रंग संध्याकाळच्या आकाशात सहसा दिसत नाही. निवडलेल्या दोन रंगांचा यात काही दोष नाही. पट्टा येतो तो गणितातून, आणि ते गणित कळलं की इंकस्केप, कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, चित्र काढायच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये तो घालवता येतो.

व्हेक्टर फाइलमध्ये, म्हणजे चित्र ठिपक्यांऐवजी आकारांच्या वर्णनातून साठवणाऱ्या फाइलमध्ये, ग्रेडियंट रंगवून ठेवलेला नसतो. एसव्हीजी या व्हेक्टर प्रकारच्या फाइलमध्ये त्याची नोंद चार-दोन ओळींत संपते: एक रेषा कुठून कुठे जाते आणि तिच्यावर किती टक्क्यांना कोणता रंग आहे. या ठरवून दिलेल्या ठिकाणांना स्टॉप म्हणतात. दोन स्टॉपच्या मधला प्रत्येक रंग चित्र पडद्यावर उमटताना त्या क्षणी काढला जातो. म्हणूनच आकार कितीही मोठा केला तरी फाइल फुगत नाही.

रंग काढण्याची रीत मात्र अगदी भाबडी आहे. प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांनी लिहिलेला असतो; त्या तीन आकड्यांची वेगवेगळी सरासरी, एवढंच. नारिंगी म्हणजे २५५, १४०, ० आणि गडद निळा म्हणजे २६, ३५, १२६ घेतला, तर मधोमध येतात १४१, ८८, ६३. हाच तो तपकिरी. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा घ्या, मधे तिन्ही आकडे १२८ होतात, म्हणजे निव्वळ राखाडी. परस्परविरोधी रंग जोडले की मधला रंग मरतो, तो असा.

त्यात भर म्हणजे हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. १२८ हा २५५ च्या निम्मा असला, तरी त्या आकड्याला पडदा पूर्ण प्रकाशाच्या जेमतेम २२ टक्के प्रकाश देतो. निम्मा प्रकाश मिळतो १८८ च्या आसपास. लाल आणि हिरव्याच्या मधे उजळ पिवळ्याऐवजी काळपट शेवाळी रंग दिसतो, त्याचं कारण हेच.

उपाय सोपा आहे: मधला रंग गणितावर सोडायचा नाही, आपण द्यायचा. इंकस्केपमध्ये आकार निवडून जी (G) ही कळ दाबा आणि माउस ओढा. रेषेच्या सुरुवातीला चौकोन, शेवटी गोल दिसेल. ओढताना कंट्रोल धरलं तर रेषा १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरते, त्यामुळे ती नेमकी उभी ठेवता येते. दुसरं टोक सुरुवातीला पारदर्शक असतं. त्यावर क्लिक करून रंग द्या आणि अपारदर्शकता १०० करा. आता रेषेच्या मधोमध डबल-क्लिक केलं की नवा स्टॉप तयार होतो. चित्र लगेच बदलत नाही, कारण नव्या स्टॉपला त्या जागेचाच रंग मिळतो. तिथे २१६, २७, ९६ हा गुलाबी द्या. हा रंग उजळपणात नारिंगी आणि निळ्याच्या साधारण मधे बसतो, आणि खरी मेख तिथेच आहे. फार फिकट गुलाबी दिला तर आकाशात नको असलेला उजळ पट्टा दिसेल. दिशा उलटली असेल तर शिफ्ट आणि आर.

दुसरा नेहमीचा त्रास पायऱ्या दिसण्याचा. प्रत्येक रंगघटकाला ० ते २५५ एवढ्याच पातळ्या असतात. ३२ पासून ४२ पर्यंतचा करडा ग्रेडियंट १९२० पिक्सेल रुंदीवर पसरवला, तर वाट्याला ११ पातळ्या येतात आणि एकेक पट्टी सुमारे १७५ पिक्सेलची होते. त्यात आपली नजर पट्ट्यांच्या कडा आहेत त्यापेक्षा ठळक दाखवते. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये हे नोंदवलं होतं. अशा वेळी स्टॉप वाढवून काही साधत नाही. टोकांच्या रंगांतला फरक वाढवा, अंतर कमी करा, किंवा वर अगदी हलका दाणेदार पोत टाका.

पारदर्शकतेत वेगळी चूक होते. पांढरा रंग विरत न्यायचा म्हणून दुसऱ्या टोकाला पारदर्शक काळा दिला, तर एसव्हीजीमध्ये रंग आणि पारदर्शकता वेगवेगळी मोजली जाते. मधे अर्धपारदर्शक राखाडी येतो आणि पांढऱ्या कागदावरसुद्धा सावली पडते. दोन्ही टोकांना रंग तोच ठेवायचा, फक्त पारदर्शकता बदलायची.

मराठी मजकुरावर असा विरणारा ग्रेडियंट देताना शिरोरेखा सांभाळावी लागते. मजकुराचं पाथमध्ये, म्हणजे साध्या रेखाकृतीत, रूपांतर केलं की अक्षरं सुटी होतात आणि शिरोरेषेची टोकं एकमेकांवर चढतात. रंग भरीव असताना ते कळत नाही, पण अर्धपारदर्शक होताच प्रत्येक सांध्यावर गडद ठिपका दिसतो. रूपांतरानंतर गट सोडवा, सगळी अक्षरं निवडून कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबून युनियन करा, आणि मगच ग्रेडियंट द्या. शब्द एकच आकार झाल्याने रंगही सलग पसरतो.

हाताने किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून लिहिलेल्या एसव्हीजीत कधी कधी आडव्या रेषेला ग्रेडियंट दिला की रेषाच गायब होते. तिथे ग्रेडियंट आकाराभोवतीच्या अदृश्य चौकटीवरून मोजला जातो आणि सरळ आडव्या रेषेच्या चौकटीची उंची शून्य भरते. कंट्रोल, ऑल्ट आणि सी दाबून इंकस्केपमध्ये त्या रेषेचा पाथ केला, की चौकटीला उंची मिळते आणि रंग परत दिसतो.