उन्हं उतरल्यावर लावायचं रेझिन

भाच्याने गोव्याहून आणलेला जुना सर्फबोर्ड तीन पावसाळे आमच्या गच्चीवर पडून होता. नागपुरात समुद्र नाही, पण भिजलेला बोर्ड वाळवायला इथल्या मे महिन्यासारखी कोरडी हवा दुसरीकडे क्वचितच मिळेल. मी तो उलटा केला, शेपटीकडे फिनच्या, म्हणजे बोर्डाच्या पोटाला बसवलेल्या उभ्या पात्याच्या, मुळाशी अंगठा दाबला. वरचं फायबरग्लास पापडासारखं कुरकुरलं आणि नखाला तपकिरी ओल लागली.

फोम सडला, असं म्हणतात. खरं सडतं ते बोर्डाच्या मधोमध उभं बसवलेलं लाकूड, म्हणजे स्ट्रिंगर. पॉलियुरेथेन फोममध्ये हवेचे बारीक बंद कप्पे असतात. दाबाने त्यांच्या भिंती मोडल्या की पाणी शिरतं आणि फोम चहात बुडवलेल्या खारीसारखा भुसभुशीत होतो.

हे फिनपाशीच का होतं? भिंतीतली खुंटी उपटायची तर आपण ती टोकाला धरून हलवतो. फिनचंही तेच. पाण्याखालीच राहणारं हे पातं साधारण 11 सेंटिमीटर उंच, खाचेत रुतलेला भाग जेमतेम 2 सेंटिमीटर. वळताना पाणी पात्याला रेटतं, तो रेटा तरफेसारखा वाढून खाचेच्या कडांवर येतो. केसाएवढी चीर पडली तरी पुरे.

मऊ फोम पांढरा, कोरडा थर लागेपर्यंत कोरून काढला. मग खड्डा गोड्या पाण्याने धुतला. आधीच ओला बोर्ड पुन्हा भिजवायचा, हे विचित्र वाटेल. पण समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं. ते आत राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात भरलेली जागा पुन्हा ओलावते. नंतर बोर्ड सावलीत, वाऱ्याला ठेवून रोज वजन केलं. सलग काही दिवस काटा हलला नाही, तेव्हाच पुढे गेलो.

फोम कोणता, हे आधी ओळखायलाच हवं. कापल्यावर साबुदाण्यासारखे मणी दिसले तर ते थर्माकोलचं भावंड. त्यावर पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे सुकून टणक होणारा चिकट द्रव, ओतलं की त्यातल्या स्टायरिन या रसायनाने फोम विरघळतो. तिथे इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिनच हवं. माझ्या बोर्डात मणी नव्हते. खड्ड्यात दाट फोमचा तुकडा बसवला, त्यात नवी फिनची पेटी काचेच्या तंतूंचे तुकडे मिसळलेल्या रेझिनने घट्ट केली.

वर काचेचं कापड अंथरून दुपारी दोनला रेझिन कालवत होतो, तेव्हा फायबरचं काम करणारे ओळखीचे कारागीर डोकावले. “भर उन्हात काय करून राहिले भाऊ? फुगे येतात न जी. उन्हं उतरल्यावर लावा.”

त्यांचं म्हणणं पक्क्या भौतिकशास्त्राचं आहे. 30 अंशांवरून 45 अंशांवर गेलेली हवा सुमारे 5 टक्के फुगते. तापत्या फोममधली हवा ओल्या रेझिनमधून बाहेर पडते आणि टाचणीएवढी छिद्रं ठेवून जाते. तीच पाण्याची पुढची वाट. तापमान उतरतं असलं की हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. शिवाय उष्णतेने पॉलिएस्टर रेझिन झपाट्याने आवळतं. जाड थर तर स्वतःच्याच उष्णतेने तडकतो. म्हणून उन्हाळ्यात त्याचं हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, 1 टक्क्याच्या आसपास ठेवतात. इपॉक्सीत मात्र हार्डनरचं ठरलेलं प्रमाण बदलायचं नाही, नाहीतर ती चिकट राहते.

साडेसहाला कापड लावलं, दुरुस्तीच्या कडेपलीकडे चार बोटं. दुसऱ्या दिवशी मास्क बांधून घासलं आणि नाण्याने टोकून पाहिलं. सगळीकडे टणक आवाज. डाव्या कोपऱ्यात दोन बोटांचा पट्टा मात्र बद्द बोलतो, म्हणजे खाली पोकळ आहे. तिथलं कापड पुन्हा काढावं लागणार.