पार्श्वभूमी : सोनोग्राफीत पाहून फुप्फुसाची बायोप्सी करायला हात कसा बसतो?

सोनोग्राफी आणि फुप्फुस यांचे मुळातच जमत नाही. ध्वनिलहरी हवेवर आदळून परत फिरतात आणि फुप्फुस तर हवेनेच भरलेले. म्हणून फुप्फुसात सुई घालताना डॉक्टर आधी क्ष-किरणांवर आणि १९७०च्या दशकापासून सीटी स्कॅनवर विसंबून राहिले. गाठ छातीच्या आतल्या अस्तराला टेकलेली असेल तरच ती बाहेरून सोनोग्राफीत दिसते. अशा गाठींतून सुईने नमुना घेण्याचा अनुभव तैवानच्या पॅन-चिर यांग आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये मांडला. या पद्धतीत किरणोत्सर्ग नाही, शिवाय श्वासागणिक हलणारी गाठ आणि पुढे सरकणारी सुई दोन्ही समोर दिसतात. मात्र पडद्यावर सुईचे टोक ओळखणे नवख्याला जड जाते. टोक नजरेआड जाऊन फुप्फुसाला भोक पडले, तर भोवती हवा साठून फुप्फुस आक्रसते.

छातीच्या मध्यभागी असलेल्या गाठींसाठी आतून वाट काढावी लागली. १९९२मध्ये जर्मनीतल्या ह्यूर्टर आणि हानराथ यांनी श्वासनलिकेत छोटा प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा सोनोग्राफीचा भाग, घालून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पुढे जपानमध्ये चिबा इथे यासुफुकू यांच्या गटाने श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीच्या टोकालाच प्रोब बसवला आणि श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडच्या लसिका ग्रंथींत, पडद्यावर बघत, सुई घातली. ते निष्कर्ष २००४मध्ये आले. हेच आजचे ‘ईबस’ (एंडोब्रॉन्कियल अल्ट्रासाउंड), म्हणजे श्वासनलिकेच्या आतून केलेली सोनोग्राफी. मानेखाली चीर देऊन करायची तपासणी त्यामुळे बऱ्याच रुग्णांची टळू लागली.

गंमत अशी, की श्वासनलिकेतल्या सोनोग्राफीच्या किती केसेस केल्यावर डॉक्टर तयार झाला म्हणायचे, याचे आकडे त्याआधीच ठरले होते. युरोप-अमेरिकेच्या श्वसनरोग संघटनांच्या २००२च्या संयुक्त निवेदनात ४० आणि अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या २००३च्या मार्गदर्शक सूचनांत ५०. आधार जाणकारांच्या मताचा. प्रत्यक्षात कोणाचा हात लवकर बसतो, कोणाला त्याहून बरेच जास्त रुग्ण लागतात. ब्रिटनमधल्या २०१०च्या अभ्यासात हा फरक ठळक दिसला. आकडा गाठला म्हणून कौशल्य आले, असे मानणे मला तरी धोक्याचे वाटते, कारण त्या मोजणीतला प्रत्येक जण खरा रुग्ण असतो.

कोपनहेगनमध्ये लार्स कोंगे आणि सहकाऱ्यांनी मोजण्याची पद्धतच बदलली. त्यांनी ग्रंथी ओळखणे, प्रोब टेकवणे, सुई चालवणे अशा एकेका कृतीला गुण दिले. सिम्युलेटरवरचा, म्हणजे रुग्णाऐवजी नकली यंत्रावरचा, सरावही परीक्षेसारखा तपासला. युरोपीय श्वसनरोग संघटनेच्या ईबस प्रशिक्षणात आज आधी अभ्यास, मग सिम्युलेटर, मग देखरेखीखाली रुग्ण आणि शेवटी स्वतः केलेल्या तपासणीचे व्हिडिओ परीक्षकांपुढे, असा क्रम आहे.

आपल्याकडे याला एक वेगळाच पदर आहे. गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये देशात सर्वांत आधी केला. केंद्राचा १९९४मध्ये आला. गर्भाचे लिंग दिसू शकेल अशा सोनोग्राफी यंत्राची नोंदणी त्याखाली बंधनकारक आहे. छातीच्या डॉक्टरला पाहायचे असते फुप्फुस, पण प्रोब हाती घेण्याआधी त्यालाही हे कागद पुरे करावे लागतात.